निर्णय ध्येयाने चालतोय की सवयीने: मेंदूतली यंत्रणा, तपासणी आणि दुरुस्ती

एखादी कृती ध्येयासाठी होतेय असं म्हणायला मेंदूत दोन गोष्टी हजर असाव्या लागतात. पहिली, ‘हे केलं की ते मिळतं’ हा दुवा. दुसरी, ‘ते’ आत्ता, या घडीला आपल्याला किती हवंय याचा हिशेब. या दोन्हींवरून कृती ठरत असेल तर निर्णय ध्येयाधारित. यातली एक जरी गळाली तरी कृती चालू राहू शकते, बाहेरून अगदी तशीच दिसू शकते, पण तेव्हा तिला समोरची खूण आणि जुना सराव ओढत असतात. केंब्रिजचे अँथनी डिकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ही व्याख्या प्रयोगांत घासून पक्की केली. तिचा मोठा फायदा असा की तपासणीची रीत तिच्यातच आलेली आहे: परिणामाची किंमत बदला किंवा दुवा तोडा, आणि कृती बदलते का ते बघा.

‘माझी इच्छाशक्तीच कमी पडते’ असं म्हणणाऱ्यांनी यातलं नेमकं काय गळालंय हे बहुतेक वेळा पाहिलेलंच नसतं. दुरुस्ती तर दोन्हींची वेगळी आहे. ज्याच्या मनात परिणामाची किंमतच उरलेली नाही त्याच्या हातात वेळापत्रक देऊन काही होत नाही. ज्याला दुवा दिसत नाही त्याला कितीही उत्साह भरला तरी तो चार दिवसांत उतरतो.

मूळ प्रयोग, जरा जवळून

पुढच्या सगळ्या पायऱ्या ज्यावर उभ्या आहेत तो प्रयोग क्रिस्टोफर ॲडम्स यांनी १९८२ मध्ये मांडला. उंदरांना कळ दाबली की साखरेची गोळी मिळे. एका गटाला अशी १०० बक्षिसं मिळेपर्यंत शिकवलं, दुसऱ्याला ५०० मिळेपर्यंत. मग कळ बाजूला ठेवून, गोळी खाल्ल्यावर लिथियम क्लोराइड टोचलं. त्याने मळमळतं, आणि उंदराला ती गोळी नकोशी होते. शेवटी दोन्ही गटांना पुन्हा कळेसमोर सोडलं, पण आता कळ दाबून काहीच मिळणार नव्हतं.

१०० वाल्यांनी कळ दाबणं कमी केलं. गोळी नको तर कळ कशाला, हा हिशेब त्यांच्या डोक्यात जागा होता. ५०० वाले दाबत राहिले. त्यांनाही गोळी नकोशीच झाली होती, समोर ठेवली तर खात नव्हते. तरीही हात, म्हणजे पंजा, कळेकडे जात होता.

शेवटच्या चाचणीत गोळी मिळू द्यायची नाही ही अट किरकोळ वाटते, पण सगळी गोम तिच्यात आहे. गोळी मिळाली असती तर उंदराने तिथल्या तिथे ‘हे वाईट लागतं’ असं नव्याने शिकून दाबणं थांबवलं असतं. गोळी न देता वागणं बदललं, तर ते डोक्यातल्या हिशेबानेच बदललं हे सिद्ध होतं. स्वतःवर चाचणी करताना बहुतेक लोक नेमकी हीच अट मोडतात.

माणसांबद्दल एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. सराव वाढवला की ध्येय सुटून सवय लागते हे प्रयोगशाळेत माणसांवर दाखवणं अवघड ठरलंय. २००९ मध्ये एलिझाबेथ ट्रायकोमी आणि सहकाऱ्यांना ते दिसलं; २०१८ मध्ये साने द विट आणि सहकाऱ्यांनी पाच वेगवेगळे प्रयत्न करूनही ते दिसलं नाही, आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे छापलं. तेव्हा ‘अमुक दिवस केलं की सवय लागते’ असे आकडे ऐकले की जरा थांबावं. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात एखादी साधी कृती आपोआप होऊ लागायला लागलेला काळ मध्यकाने ६६ दिवस होता, आणि माणसामाणसांत तो १८ पासून २५४ पर्यंत पसरला होता. अभ्यास मुळात ८४ दिवसांचा, त्यामुळे २५४ हा गणिताने पुढे ओढलेला अंदाज आहे. २१ दिवसांचं जे कौतुक चालतं त्याला यात कुठेही आधार नाही.

मेंदूत कुठलं काम कोणाकडे

दुरुस्तीपुरता पाच कामांचा परिचय पुरेसा आहे. प्रत्यक्षात हे भाग एकमेकांत खूप गुंतलेले असतात. ‘हा भाग म्हणजे हे काम’ असं घट्ट लग्न कुठेच लागलेलं नाही.

पुढे काय काय होऊ शकेल याचं चित्र उभं करण्यात हिप्पोकॅम्पसचा वाटा मोठा. २०१३ मध्ये ब्रॅड फायफर आणि डेव्हिड फॉस्टर यांनी मोकळ्या चौकात फिरणाऱ्या उंदरांच्या या भागातल्या पेशी टिपल्या. उंदीर निघण्याआधीच त्याच्या ‘जागा’ ओळखणाऱ्या पेशी ओळीने पेटत होत्या, आणि ती ओळ तो पुढच्या क्षणी ज्या वाटेने लक्ष्याकडे जाणार होता तिच्याशी जुळत होती. पाऊल उचलण्याआधी वाट डोक्यात चालून झालेली असते.

त्या चित्रातल्या प्रत्येक टोकाला किंमत लावण्याचं काम डोळ्यांच्या खोबणीवरच्या भागाचं, म्हणजे ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्सचं, आणि त्याच्या शेजारच्या मध्यभागी असलेल्या पट्ट्याचं. कॅमिलो पादोआ-स्कियोप्पा आणि जॉन असद यांनी २००६ मध्ये माकडांना दोन रसांतून एक निवडायला दिला, प्रमाणं बदलत: याचा एक थेंब की त्याचे तीन? इथल्या काही पेशी रस कुठला किंवा तो कुठल्या बाजूला आहे याकडे न बघता निव्वळ त्याच्या किमतीप्रमाणे कमी-जास्त पेटत होत्या. अगदी वेगळ्या प्रकारच्या गोष्टींची आपण तुलना करू शकतो ती अशा सामाईक मापामुळे.

ध्येय डोळ्यांसमोर धरून ठेवणं हे कपाळामागच्या वरच्या-बाहेरच्या भागाचं, म्हणजे डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं काम. याची जागा फार तोकडी आहे. नेल्सन कोवान यांच्या २००१ च्या हिशेबाप्रमाणे आपण एका वेळी साधारण चार गोष्टीच धरू शकतो. ही पकड सुटली की एक विचित्र प्रकार दिसतो, जो जॉन डंकन यांनी १९९६ मध्ये नोंदवला: माणूस नियम तोंडाने बिनचूक सांगतो, आणि करताना पाळत नाही. आळस किंवा खोटेपणा समजून आपण ज्यावर चिडतो त्यातलं बरंच काही हेच असतं.

निवडीचा फड रंगतो मेंदूच्या तळाशी, स्ट्रायटममध्ये. याचा आतला भाग, माणसात कॉडेट, ध्येयाच्या बाजूचा. बाहेरचा, प्युटामेन, सवयीच्या बाजूचा. हेन्री यिन आणि सहकाऱ्यांनी २००४ आणि २००५ मध्ये उंदरांत हे वेगळं करून दाखवलं. बाहेरचा भाग निकामी केला तर खूप सराव झालेले उंदीरही किंमत पडली की थांबत. आतला निकामी केला तर कमी सराव झालेलेही थांबत नसत. दोन्ही वाटा शेजारीशेजारी कायम चालू असतात, हे यातून घ्यायचं. सवय लागली म्हणजे ध्येयाची वाट पुसली गेली असं होत नाही. ती नुसती मागे पडते.

पाचवं काम निकाल तपासण्याचं. वोल्फ्राम शुल्त्स यांच्या माकडांवरच्या नोंदी आणि पीटर डायान, रीड मॉन्टेग्यू यांचं गणित १९९७ मध्ये एकत्र आलं, तेव्हा स्पष्ट झालं की डोपामिन हे संदेशवाहक रसायन सोडणाऱ्या पेशी अपेक्षा आणि मिळकत यांतला फरक कळवतात. अपेक्षेइतकंच मिळालं तर त्यांच्या नेहमीच्या गतीत फरक पडत नाही. डोपामिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणायची जी पद्धत पडलीय ती सोडून दिलेली बरी. तिच्या नादाने माणसं भलतेच उपाय करत बसतात.

तपासणी कशी करायची

एक कृती निवडा आणि एका ओळीत लिहा: ‘मी अमुक करतो, कारण त्याने तमुक मिळतं.’ इथे फोन उघडून संदेश पाहण्याचं उदाहरण घेऊ, कारण ते मोजता येतं.

आधी नेहमीचा आकडा हवा. तासभर फोन न पाहता काम केल्यानंतर तो सूचना बंद करून समोर ठेवा आणि पुढच्या १५ मिनिटांत तो किती वेळा उघडला जातो ते मोजा. मग वेगळ्या वेळी किंमत पाडा: सगळे संदेश, सगळे गट, सगळं काही वाचून संपवा, नवीन काहीही शिल्लक नाही अशी खात्री करा, आणि लगेच पुन्हा तीच १५ मिनिटं मोजा. अशा दोन-दोन नोंदी वेगवेगळ्या तीन दिवशी घ्या. एका दिवसावरून काही ठरवू नका. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा स्पष्ट कमी असेल तर तुम्ही संदेशांसाठीच फोन उघडता. दोन्ही जवळजवळ सारखे असतील तर संदेशांचा त्याच्याशी फारसा संबंध उरलेला नाही.

दुसरा तर्क चुकवणारी एक शक्यता मात्र असते. फोन उघडण्यामागे तुमचं ध्येय संदेश नसून समोरच्या कंटाळवाण्या कामातून सुटका हे असू शकतं, आणि त्या ध्येयाची किंमत तुम्ही पाडलेलीच नसते. म्हणून आकडे सारखे आले तर तीच चाचणी आवडीचं काम करताना एकदा करून बघा. तिथे आकडा कोसळला, तर ती सवय नव्हे. ध्येयच दुसरं होतं आणि वर लिहिलेली ओळ चुकली होती.

फसगत तीन ठिकाणी होते. सूचना चालू ठेवल्या तर मधेच नवा संदेश येऊन किंमत परत वर जाते. गोळी न देण्याची अट ती हीच. दुसरं, स्वतः मोजायला बसलं की लक्ष त्या कृतीवर जातं आणि ती आपोआप होत नाही, म्हणून फोन स्वतः ठेवतो ती उघडण्याची नोंद नंतर बघा, किंवा दुसऱ्या कुणाला मोजायला सांगा. तिसरी फसगत सगळ्यांत मोठी: स्वतःला ‘मी हे का केलं?’ असं विचारून आलेलं उत्तर पुरावा मानणं. २००५ मध्ये पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि सहकाऱ्यांनी लोकांना दोन चेहऱ्यांतला आवडलेला निवडायला लावला आणि हातचलाखीने न निवडलेलं छायाचित्र त्यांच्या हाती दिलं. बहुतेक वेळा बदल लक्षातच आला नाही, वर न निवडलेला चेहरा का आवडला याची कारणं लोकांनी झोकात सांगितली. कारणं देणारी यंत्रणा आणि निवड करणारी यंत्रणा एकच आहेत असं धरून चालता येत नाही. वागणं मोजा, स्पष्टीकरण नको.

दुव्याची तपासणी सोपी आहे. कृती ठरावीक काळ थांबवा आणि परिणाम बदलतो का ते बघा. दर आठवड्याला कुणासाठी तरी भरला जाणारा तक्ता, दर तासाला केलेली पाहणी, दहा जणांना प्रत टाकून पाठवलेला ईमेल. दोन आठवडे थांबवून काहीच हललं नाही तर दुवा तुटलेला आहे, किंवा कधी नव्हताच. जिथे थांबवण्यात धोका आहे तिथे हे अर्थातच करायचं नाही. औषध, सुरक्षा तपासणी आणि पैशांच्या मुदती यांतून वगळा.

किंमत मेलेली असेल तर

इथे बहुतेक सल्ले घसरतात, कारण ते गृहीत धरतात की परिणाम चांगला आहे हे माहीत असलं की पुरे. बर्नार्ड बॅलाइन यांनी १९९२ मध्ये उंदरांत दाखवलं की तसं नाही. भुकेल्या अवस्थेत कळ दाबायला शिकलेला उंदीर पोट भरल्यावर कमी दाबेल असं आपल्याला वाटतं. पण तो खाऊ त्याने भरल्या पोटी आधी कधी चाखलेलाच नसेल, तर तो भुकेला असल्यासारखाच दाबत राहतो. त्या अवस्थेत चाखून बघितल्यावरच नवी किंमत निर्णयापर्यंत पोचते.

यातून निघणारी पायरी नेमकी आहे: परिणामाचा अनुभव त्याच अवस्थेत घ्या, ज्या अवस्थेत तुम्हाला रोज निर्णय घ्यावा लागणार आहे. समजा व्यायामाचा निर्णय संध्याकाळी दमलेले असताना होतो. सुटीच्या दिवशी सकाळी ताजेतवाने असताना केलेला तासभर व्यायाम कितीही छान वाटला, तरी तो ताज्या अवस्थेतल्या खात्यावर जमा होतो. दमलेल्या अवस्थेच्या खात्यावर काहीच नसतं. तेव्हा मुद्दाम दमलेले असताना १० मिनिटं करा, जास्त नाही. संपल्यावर आणखी १० मिनिटांनी कसं वाटतंय ते एका शब्दात आणि ० ते १० मधल्या एका आकड्यात लिहा. मधेच लिहू नका. मधला आकडा कष्टाचा असतो, परिणामाचा नसतो. असं चार-पाच वेळा झालं की पुढच्या निर्णयाला धरायला काहीतरी हाती येतं. आणि आकडे खरोखरच खालचे आले तर? तर तो परिणाम तुम्हाला त्या अवस्थेत नकोच आहे. वेळ बदला, नाहीतर कृती बदला. स्वतःला पटवत बसण्यात अर्थ नाही.

परिणाम वर्षभराने मिळणार असेल तर चाखणं शक्य नसतं. तिथे कल्पनेची मदत होते, पण ती ढोबळ असून चालत नाही. यान पीटर्स आणि क्रिस्टियन ब्यूखेल यांच्या २०१० च्या प्रयोगात, उशिरा मिळणाऱ्या मोठ्या रकमेसोबत त्या दिवसाच्या आसपास त्या माणसाने खरोखर ठरवलेला प्रसंग दाखवला, तेव्हा लोक थांबायला जास्त तयार झाले. म्हणून ‘यशस्वी होईन’ असं काही लिहू नका. तारीख, जागा, सोबत कोण, हातात काय, पहिलं वाक्य काय बोललं जाईल, एवढं लिहा. पाच ओळी पुरतात. त्याच्याखाली लगेच एक ओळ वाटेतल्या अडथळ्याची हवी. गाब्रिएले ओटिंगेन यांच्या कामातून दिसलंय की नुसतं गोड चित्र रंगवलं तर अंगातली हालचाल उलट मंदावते. अडथळा शेजारी ठेवला की चित्र कामाला लागतं.

दुवा धूसर असेल तर

१९८३ मध्ये डिकिन्सन आणि सहकाऱ्यांनी बक्षीस देण्याच्या दोन रीती ताडून पाहिल्या. एकीत जितकं दाबाल तितकं जास्त मिळतं. दुसरीत ठरावीक वेळ गेल्याखेरीज मिळतच नाही, मग मधे कितीही दाबा. दुसऱ्या रीतीत उंदीर लवकर सवयीवर गेले. कारण सरळ आहे: जास्त केलं काय, कमी केलं काय, मिळकत तेवढीच, तर दुव्याची जाणीव टिकणार कशी?

आता संदेशांकडे पुन्हा बघा. ते समोरच्याच्या वेळेप्रमाणे येतात. तुम्ही तासात चारदा पाहिलं की चाळीसदा, संख्या तीच. सवय लागायला याहून सोयीची रचना नाही. उलट बाजूने, तुम्हाला जे काम ध्येयाधारित ठेवायचंय त्याची रचना पहिल्या रीतीसारखी करा: जितकं जास्त, तितकं दिसायला हवं. भाषा शिकताय तर ‘रोज अर्धा तास बसलो’ ही नोंद वेळेची आहे, ती दुवा दाखवत नाही. ‘आज न अडखळता वाचलेल्या ओळी’ ही नोंद दाखवते. परिणाम दूर असेल तर मधला एक मापता येणारा टप्पा शोधा, पण तो खरोखर शेवटच्या परिणामाकडे नेतो ना हे महिन्यातून एकदा तपासा. नाहीतर माणूस ओळी मोजत राहतो आणि बोलायला मात्र शिकत नाही.

दुवा पुसायची आणखी एक हमखास युक्ती म्हणजे फुकटचं बक्षीस. कळ न दाबताही तितकंच मिळू लागलं की उंदीर दाबणं सोडतात. लिन हॅमंड यांनी हे १९८० मध्ये दाखवलंय. ‘आधी जरा मनोरंजन, मग काम’ याने काम चोरीला जातं ते असं. बक्षीस ठेवायचंच असेल तर कामानंतर, काम झालं तरच, आणि लगेच.

पुढच्या दोन-तीन चाली बघायच्या असतील तर

आतापर्यंत एकाच कृतीचं बोललो. नोकरी बदलणं, शिक्षणाची दिशा, मोठी खरेदी यांत चालींमागून चाली येतात. प्रत्येक टप्प्यावर तीन पर्याय आणि तीन टप्पे म्हटले तरी २७ टोकं होतात, आणि डोक्यात जागा आहे चारेक गोष्टींची. मेंदू फांद्या छाटतो, छाटायलाच हव्यात. पण तो कुठे छाटतो हे कळलं की चूक पकडता येते.

क्वेंटिन हुइस आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की वाटेत मोठा तोटा दिसला की लोक त्या फांदीचा पुढचा विचारच सोडून देतात, पुढे मोठा फायदा असला तरी. कागदावर हे असं दिसतं. पहिली वाट: आधी −७०, मग +२०, मग +१४०. दुसरी वाट: −२०, +२०, +२०. पहिलीची बेरीज +९०, दुसरीची +२०. डोक्यातल्या डोक्यात ठरवलं तर −७० पाशी पहिली वाट कापली जाते आणि माणूस समाधानाने दुसरी धरतो.

म्हणून कागद घ्या आणि शेवटाकडून सुरुवात करा. शेवटची टोकं आधी लिहा, प्रत्येकाला −१०० ते +१०० मधला आकडा द्या. मग एक पायरी मागे या आणि तिथून सर्वांत चांगल्या टोकाचा आकडा त्या पायरीवर उचला. जिथे नशिबाचा भाग आहे तिथे शक्यतेने गुणा: +८० मिळण्याची शक्यता १० पैकी ६, नाहीतर −३०, तर ४८ वजा १२, म्हणजे +३६. असं मागे येत येत आजच्या चालीपर्यंत पोचा. हे करण्याआधी एक नियम घालून घ्या: पहिला तोटा दिसला म्हणून कुठलीही फांदी खोडायची नाही, शेवटपर्यंत लिहायची. ज्या तोट्यातून पुन्हा उभंच राहता येणार नाही तो मात्र अपवाद. तिथे बेरीज कितीही चांगली दिसली तरी फांदी खोडा.

आकडे खोटे वाटतील, थोडे असतीलही. म्हणून प्रत्येक आकडा २० ने वर-खाली करून निकाल बदलतो का ते बघा. ज्या आकड्याने निकाल उलटतो, माहिती त्याचीच काढा. बाकीच्यांच्या मागे धावू नका.

नकाशा स्पष्ट असण्याला किती महत्त्व आहे याचा एक दाखला. नॅथॅनियल डॉ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेला दोन पायऱ्यांचा खेळ या क्षेत्रात फार वापरला जातो. त्यात पहिली निवड ७० टक्के वेळा एका जागी नेते, ३० टक्के वेळा दुसऱ्या. वर्षानुवर्षं निष्कर्ष निघत राहिला की लोक अर्धवट ध्येयाने, अर्धवट सवयीने खेळतात. २०२० मध्ये कॅरोलिना फेहेर दा सिल्व्हा आणि टॉड हेअर यांनी सूचना नीट समजावून सांगितल्या, आणि लोक जवळजवळ पूर्णपणे ध्येयाने खेळले. त्यांच्यात सवय होती असं जे वाटत होतं, ते मोठ्या प्रमाणात खेळच नीट न कळल्याचं लक्षण निघालं.

धकाधकीच्या वेळी

लार्स श्वाबे आणि ऑलिव्हर वोल्फ यांनी २००९ मध्ये लोकांना ताण देण्यासाठी काही मिनिटं बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावला. पोटभर खाऊन नकोशा झालेल्या खाऊसाठीचीच निवड ते करत राहिले. ताण न दिलेल्यांनी बदलली. एकाच वेळी दुसरं काम डोक्यावर असेल तेव्हाही असंच होतं. मोठा निर्णय भांडणानंतरच्या तासात किंवा दुसरी मुदत डोक्यावर असताना घेऊ नये, ही जुनी शहाणीव अशी प्रयोगातही टिकली. ‘इच्छाशक्ती दिवसभरात वापरून संपते’ हा सिद्धांत मात्र तितका टिकला नाही: २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तो तपासला आणि परिणाम जवळजवळ शून्य आला.

ताणात ध्येयाची यंत्रणा मागे पडणारच, तर तिने आपलं काम आधीच उरकून ठेवावं. पीटर गोल्विट्झर यांची ‘जर-तर’ योजना याच कामाची. ‘जर सात वाजता मी लॅपटॉप मिटला, तर लगेच बूट घालीन.’ २००६ पर्यंतच्या ९४ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा तिचा परिणाम मध्यमाहून थोडा वरचा निघाला, आणि वागणुकीच्या उपायांत हे चांगलंच म्हणायचं. ‘जर’ मध्ये डोळ्यांनी दिसणारी किंवा कानांनी ऐकू येणारी खूण हवी. ‘वेळ मिळाला की’ ही खूण नव्हे. ‘तर’ मध्ये शरीराची एक हालचाल हवी, आणि ती करण्याची असावी, न करण्याची नको. ‘फोन बघणार नाही’ ऐवजी ‘फोन खणात ठेवीन’. एका वेळी एकच योजना, दोन आठवडे.

सवय मोडायची असेल तर खूण किंवा हात बदलणं सर्वांत स्वस्त पडतं. डेव्हिड नील, वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये चित्रपटगृहात लोकांना आठवडाभराचं शिळं पॉपकॉर्न दिलं. ज्यांना तिथे पॉपकॉर्न खायची सवय होती त्यांनी ते ताज्याइतकंच खाल्लं, आवडत नसूनही. नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं तेव्हा शिळं खाणं कमी झालं. एवढ्याशा अडचणीने किमतीचा हिशेब पुन्हा मधे येतो. फोनवरचं जे ॲप हात आपोआप उघडतो ते दुसऱ्या पानावर, एखाद्या फोल्डरच्या आत टाका. काढून टाकायची गरज नाही. जागा पाठ झाली की परिणाम ओसरतो, तेव्हा दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा हलवा.

सगळ्याच सवयींच्या मागे लागू नका. पार्किन्सनच्या आजारात डोपामिनचा तुटवडा आधी मागच्या प्युटामेनमध्ये, म्हणजे सवयीच्या बाजूला, पडतो. पीटर रेडग्रेव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलं की अशा रुग्णाला चालण्यासारख्या गोष्टीही लक्ष देऊन, ठरवून कराव्या लागतात, आणि त्याच वेळी कुणी बोललं की पाऊल अडखळतं. ध्येयाची यंत्रणा एकटीने सगळं ओढायला लागली की तिचा असा जीव जातो. ज्या सवयीचा परिणाम तुम्हाला अजूनही हवा आहे आणि दुवा शाबूत आहे, तिला हात लावू नये.

इथे हे उपाय लावू नयेत

डोक्याला मार, पक्षाघात किंवा वाढत्या वयात हळूहळू झालेला बदल यानंतर माणूस समोर ठेवलेली प्रत्येक वस्तू विनाकारण वापरू लागला, तर ती साधी सवय नव्हे. फ्रान्स्वा लेर्मित यांनी १९८३ मध्ये पुढच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांत हे नोंदवलं: समोर पेला आणि पाण्याचं भांडं ठेवलं की तहान नसताना, कुणी सांगितलं नसताना, ते ओतून पीत. बुद्धीच्या चाचण्यांत उत्तम गुण मिळवणारा माणूस साध्या निर्णयांत तासन्‌तास घालवून शेवटी नुकसानीचाच पर्याय धरू लागला, तेही तसंच. पॉल एस्लिंजर आणि अँतोनियो दामासिओ यांनी १९८५ मध्ये वर्णन केलेल्या रुग्णाची बुद्धी शाबूत होती आणि व्यवहार कोलमडला होता. असा बदल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दिसला तर मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा, आणि जाताना कधीपासून, कुठल्या कृतीत, कसा फरक पडला याची घरच्यांनी लिहिलेली यादी सोबत न्यावी. खुद्द रुग्णाला तो फरक बऱ्याचदा जाणवलेला नसतो.